आतेसासूबाईंची चॉकलेटदाणी

आन्सेल्मो कासालिनो यांना सासरी मान नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. मान होता, आणि तोच त्यांना नको झाला होता. गोष्ट कपांची आहे.

त्यांची बायको पिएरा ही अस्सल तोरीनोची. तिची आत्या आन्येजे कोर्सो विन्झाल्यो या रस्त्यावरच्या जुन्या घरात एकटी राहत असे. दरवर्षी जानेवारीत संत आन्येजेचा दिवस आला, की आत्याच्या नावाचा दिवस म्हणून सगळं गोत तिच्याकडे गरम चॉकलेट प्यायला जमे. घरच्या माणसांना निळ्या काठाचे, टवके उडालेले जुने कप मिळत. पाहुण्यांसाठी कपाटातून सोनेरी काठाचे कप निघत. आन्सेल्मोंच्या लग्नाला तीस वर्षं होत आली, तरी त्यांच्यापुढे येई तो सोनेरी काठाचाच कप. पिएराचा चुलतभाऊ फुल्वियो याच्या दुसऱ्या बायकोला लग्नाच्या तिसऱ्याच वर्षी निळा कप मिळाला, तेव्हा आन्सेल्मोंना आठवडाभर जेवण गेलं नव्हतं. पण हे दुःख सांगायचं कोणाला? 'मला फुटका कप देत नाहीत' अशी तक्रार जगात कोण ऐकून घेणार?

त्यांचा गुन्हा एवढाच, की ते व्हर्चेल्लीचे. व्हर्चेल्ली काही समुद्रापार नाही, गाडीत बसून वर्तमानपत्र पुरतं वाचून होत नाही तोवर येतं. पण तिथे भाताची शेती, आणि आत्याच्या लेखी भाताच्या शेतीपलीकडे सभ्य जग संपत होतं. "तुमच्याकडे यंदा भात कसा आहे?" हे ती त्यांना दरवर्षी विचारी. आन्सेल्मो महापालिकेच्या पाणी खात्यात हेडक्लार्क होते आणि त्यांनी भाताचं रोप शेवटचं कधी पाहिलं हे त्यांनाही आठवत नव्हतं. तरी ते दरवर्षी म्हणत, "बरा आहे."

त्या दिवसाची खरी उत्सवमूर्ती आत्या नसे, चांदीची चॉकलेटदाणी असे. राजाच्या काळात तोरीनोतल्याच कुणा कारागिराने घडवलेली. तीन बारीक पायांवर उभी, पोट वरून गोल आणि खाली निमुळतं होत गेलेलं, गळ्याशी मण्यांची ओळ आणि तिच्याखाली पानांची माळ. झाकणावरचं बोंड बाजूला सरकवलं की मधे एक भोक दिसे. त्यातून लाकडी रवी आत घालून चॉकलेटला फेस आणायचा. मूठ तोटीच्या समोर नाही, काटकोनात, बाजूला. काळ्या पडलेल्या लाकडाची, आट्यांनी चांदीच्या खोबणीत बसवलेली.

ओतण्याचा मान आन्सेल्मोंच्या सासऱ्यांचा, म्हणजे चेलेस्तीनोंचा. त्याची एक रीत होती. आधी दाणी रिकामी असतानाच ते ती मुठीने उचलत, डाव्या हाताच्या भिंतीवरच्या पिएराच्या पणजीच्या तसबिरीकडे तोटी वळवत, आणि दाणीला तीनचारदा वाकवून पणजीला नमस्कार करवत. प्रत्येक नमस्काराच्या शेवटी मनगटाला एक झटका. मग आत्या स्वयंपाकघरातून चॉकलेट आणून आत ओती, रवी फिरे, आणि मग कप भरत. लग्नानंतर पहिल्या वर्षी आन्सेल्मोंनी विचारलं होतं, "नमस्कार कशासाठी?" तेव्हा सगळ्या टेबलाने त्यांच्याकडे पाहिलं होतं आणि सासरे म्हणाले होते, "आमच्यात करतात." त्यानंतर त्यांनी सासरी काहीही विचारणं सोडून दिलं.

आदल्या वसंतात चेलेस्तीनो गेले. नाताळ झाल्यावर आत्याने आन्सेल्मोंना बोलावून घेतलं.

"जावईबापू, तुम्ही पाणी खात्यात ना?"

"हो, आत्या."

"मग ओतण्याचा काही अनुभव असेल. फुल्वियोला विचारलं, तो म्हणाला, शर्ट खराब होईल. आता राहिलात तुम्ही." असं म्हणून तिने फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली दाणी त्यांच्या हातात दिली. "घरी न्या, पुसा, आणि माझ्या दिवशी घेऊन या. पुसा म्हणजे पुसा. घासू नका. तुमच्याकडे भात सडतात तशी."

आन्सेल्मोंना ट्राममध्ये बसायला जागा होती, तरी ते दाणी छातीशी धरून उभेच राहिले. फुल्वियोने नाकारलेला मान आपल्याला मिळालाय हे त्यांना कळत होतं. चालतंय, असं त्यांनी ठरवलं. निळा कप आता हाताच्या अंतरावर आला होता.

घरी आल्यावर त्यांनी टेबलावर पिएराची लग्नातली चादर अंथरली आणि पुसायला बसले. खरं म्हणजे त्या दाणीला त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता. आता जवळून पाहिली आणि त्यांना पुसायचं भान राहिलं नाही. गळ्याचे मणी दुरून एकसारखे दिसत. जवळून पाहिलं तर प्रत्येक मणी वेगळा ठोकलेला, कुठे निवांतपणा, कुठे घाई. आत बोट फिरवलं तर हातोडीचे हजारो बारीक ठसे लागत होते, आणि बाहेरून पृष्ठभाग मात्र तळ्यासारखा शांत. पोटाला सांधा कुठेच नाही. एका सपाट पत्र्याला तापवत, ठोकत, पुन्हा तापवत त्या माणसाने हे पोट वर उचललं होतं. बोंडाची बिजागरी तर अशी लपवलेली, की ती शोधायला त्यांना चष्मा बदलावा लागला. तळाशी कारागिराचा शिक्का होता, दोन अक्षरं आणि मधे छोटासा कोंबडा. नाव नाही.

"पिएरा," त्यांनी हाक मारली, "ह्या माळेत एक पान उलटं दुमडलंय. मुद्दाम. वारा लागल्यासारखं."

"आत्ता माझा पास्ता दुमडतोय," आतून उत्तर आलं. "जेवायला ये."

जेवण झाल्यावर त्यांनी दाणी मुठीने उचलून पाहिली, तर मूठ जराशी हलली. अगदी जराशी. वर्षभर कपाटात राहून लाकूड सुकलं असेल. अशा वेळी शहाणा माणूस मूठ घट्ट करतो. आन्सेल्मोंनी ती उजवीकडे फिरवली. मूठ आणखी सैल झाली. त्यांनी आणखी जोर लावला. मग मूठ त्यांच्या हातात आली आणि दाणी चादरीवर राहिली.

पिएरा दारात उभी होती. "काय केलंस?"

"पुसतोय," आन्सेल्मो म्हणाले.

त्यांनी मूठ पुन्हा खोबणीत घातली आणि उजवीकडे फिरवली. आटे धरेनात. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. दोनशे वर्षं टिकलेली वस्तू व्हर्चेल्लीच्या जावयाच्या हातात एकाच संध्याकाळी मोडली, हे वाक्य त्यांना आत्याच्या आवाजात ऐकू येऊ लागलं.

आता तोरीनोत काही बिघडलं तर माणसाला एकटं राहता येत नाही. त्या शहरात मोटारींचा कारखाना, आणि आन्सेल्मोंच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर त्या कारखान्यातून निवृत्त झालेलं कुणीतरी. हे लोक जिन्यात भेटले तर हवापाण्याऐवजी गिअरबॉक्सबद्दल बोलतात. पहिला मान वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअर क्वालियांचा. ते इंजिन विभागात मोठे साहेब होते आणि आता इमारतीचं कारंजं, घंटा आणि शेजाऱ्यांची लग्नं दुरुस्त करीत.

क्वालियांनी मूठ हातात घेतली, खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ आटे पाहिले. "हाताने कापलेले आटे," ते म्हणाले. "अंतर असमान. आता असं कुणी चालवून घेणार नाही."

"पण बसेल ना?"

"बसायलाच हवं." त्यांनी मूठ खोबणीत घातली आणि सराईत हाताने उजवीकडे फिरवली. चाळीस वर्षं त्या हाताने असंख्य स्क्रू उजवीकडेच फिरवले होते. मूठ फिरत राहिली. "आटे झिजलेत," ते म्हणाले. "कासालिनो, मला वाईट वाटतं, पण ही वस्तू संपली. आपण हिला वाचवू."

वाचवण्याची पहिली पायरी म्हणून त्यांनी आट्यांभोवती नळाची पांढरी टेप गुंडाळली. मूठ दाबून बसली, आणि दाणी वाकवली की सावकाश बाहेर यायला लागली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या मुस्सोबाई आल्या. त्यांचे कैलासवासी यजमान गिअर विभागात होते, आणि ते असते तर काय म्हणाले असते हे बाईंना नेहमी माहीत असे.

"आमचे हे म्हणायचे, लाकूड तहानलं की आकसतं. वाफ द्या."

"वाफ?" आन्सेल्मोंनी विचारलं.

"भात शिजताना वर धरा. तुम्ही तर त्यातलेच."

वाफेने लाकूड फुगलं, पण टेपही सुटली आणि सगळ्या घराला जुन्या कपाटाचा वास आला. तळमजल्यावर रंगखात्यातले एक गृहस्थ होते. ते एक असा गोंद घेऊन आले, की त्याने दरवाजा चिकटवला तर भिंत पाडावी लागते. आन्सेल्मोंनी त्यांना कॉफी देऊन परत पाठवलं. प्रत्येक येणारा मूठ हातात घेई, आत घाली, उजवीकडे फिरवी आणि मान हलवी. एवढ्या तज्ज्ञांचं एकमत त्या इमारतीत लिफ्टच्या बाबतीतही कधी झालं नव्हतं.

शेवटी क्वालिया गिरमिट घेऊन आले. "खोबणीतून आरपार भोक पाडू," ते म्हणाले. "पोलादी बोल्ट. ही दाणी मग तुमच्या नातवंडांनाही मोडता येणार नाही."

आन्सेल्मो टेबलापुढे उभे राहिले. दाणीला ते इतके दिवस रोज पाहत होते. खोबणीच्या कडेलाही त्या माणसाने मण्यांची एक नाजूक रांग काढली होती, जिथे मुठीखाली ती कुणाला दिसणारही नव्हती. तिथून गिरमिट जाणार.

"नको," ते म्हणाले.

"का?"

का ते त्यांना सांगता येईना. रडू येतंय असं इंजिनिअरला सांगणं अशक्य होतं. पण आन्सेल्मो सरकारी माणूस, अडचणीत सापडलेल्या सरकारी माणसाला सुचतं तेच त्यांना सुचलं. "परवानगी घ्यावी लागेल," ते म्हणाले. "जुनी वस्तू आहे."

म्हणून दुसऱ्या दिवशी ते अर्धी रजा टाकून पुराणवस्तूंच्या एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकलं.

"वस्तू आमच्याकडे नोंदलेली आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही तिला भोक पाडा, नाहीतर वितळवून चमचे करा. आमचा काही संबंध नाही."

आन्सेल्मो जागचे हलले नाहीत. "पण ती फार सुंदर आहे हो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सुंदर आहे, असं तुम्ही माझ्यासमोर म्हणताय?"

"हो."

"म्हणजे आता मला माहीत झालं. आता प्रकरण उघडावं लागेल. प्रकरण बंद होईपर्यंत वस्तूला टाचणीही लावायची नाही."

"आणि बंद केव्हा होईल?"

"ते आम्ही सांगत नसतो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पाणी खात्यातल्याच कुणाचा तरी वाटला. आन्सेल्मोंनाही दिवसातून दहा वेळा हेच वाक्य म्हणावं लागे. पण त्या दिवशी ते बाईंचे मनापासून आभार मानून बाहेर पडले. सरकारी दिरंगाईने निदान एक मण्यांची रांग वाचली होती. मूठ मात्र सैलच होती, आणि आत्याचा दिवस आला होता.

ट्रामचे धक्के नकोत म्हणून क्वालियांनी त्यांना स्वतःच्या गाडीतून नेलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "काही झालं तर मी साक्षीदार आहे." मग अर्थातच आत्याने त्यांनाही चॉकलेटला बसवलं. टेबलावर निळे कप मांडलेले होते. सोनेरी काठाचे दोनच होते, एक क्वालियांपुढे आणि एक नेहमीच्या जागी.

आन्सेल्मो थेट स्वयंपाकघरात गेले. आत्या भांड्यात चमचा फिरवत होती.

"आत्या, मला तुम्हाला काही सांगायचंय. मूठ..."

"तुमच्याकडे भात शिजताना बोलत असतील. आमच्यात चॉकलेट होताना बोलत नाहीत. जा, पणजीला नमस्कार करा."

जेवणघरात सगळे बसले होते. फुल्वियो टेबलाच्या मधोमध. तो नोटरी होता, आणि तोरीनोत नोटरीला देवाच्या खालोखाल मान असतो. आन्सेल्मोंनी मूठ खोबणीत दाबली, दाणी उचलली आणि डावीकडच्या तसबिरीकडे वळले. पणजीच्या चेहऱ्यावर आत्याचंच नाक होतं. आता झटका दिला की दाणी सुटून थेट त्या नाकावर जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. पण रीत ती रीत. त्यांनी डोळे मिटले, दाणी डावीकडे वाकवली आणि शेवटी मनगटाला झटका दिला.

दाणी सुटली नाही. मुठीत काहीतरी पकडल्यासारखं झालं.

त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा नमस्कार केला. मूठ किंचित आत सरकली. तिसऱ्या झटक्याला लाकूड कुरकुरलं. आन्सेल्मोंनी चौथा केला, पाचवा केला, सहावा केला. मूठ आता चांदीतूनच उगवल्यासारखी घट्ट होती.

"बास," चॉकलेट घेऊन आलेली आत्या म्हणाली. "पणजीला चक्कर येईल."

चॉकलेट आत गेलं, रवी फिरली. आन्सेल्मोंनी ओतायला सुरुवात केली, आणि ओतता ओतता त्यांना सगळं कळलं. उजव्या हातात बाजूची मूठ धरली की ओतताना मनगट डावीकडेच वळतं. साध्या आट्यांची मूठ असती, तर प्रत्येक कपाबरोबर सैल होत गेली असती. म्हणून त्या कोंबड्याच्या शिक्क्यावाल्या माणसाने आटे उलटे कापले. ओतलं की घट्ट व्हावी. चॉकलेट ओतणाऱ्या हाताचा विचार करून त्याने मूठ बसवली होती. तोटीच्या ओठालाही त्याने आतून असं वळण दिलं होतं, की शेवटचा थेंब बाहेर न पडता आत परते. टेबलक्लॉथवर एक ठिपका पडला नाही.

"वा," फुल्वियो म्हणाला. "पाणी खात्याने बरं ओतलं. बघू जरा." त्याने दाणी पुढ्यात ओढली, मूठ धरली, आणि वस्तू हातात आली की मोठी माणसं करतात तेच केलं. नीट आहे ना हे पाहायला ती घट्ट केली. उजवीकडे.

मूठ त्याच्या हातात राहिली. फुल्वियोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत उतरत त्याच्या रुमालापर्यंत आला.

आन्सेल्मोंना गप्प बसता आलं असतं. तीस वर्षांत इतकी चांगली संधी आली नव्हती आणि पुन्हा येणारही नव्हती. पण फुल्वियोचा चेहरा ओळखीचा होता. गेले दोन आठवडे तोच त्यांना दाढी करताना आरशात दिसत होता.

"काही मोडलं नाही," ते म्हणाले. "द्या इकडे. ही उलटी बसते." त्यांनी मूठ खोबणीत घालून डावीकडे फिरवली आणि ती निमूटपणे आत गेली. मग त्यांनी सगळं सांगितलं. आपल्याकडूनही ती निघाली होती, टेप, वाफ, गिरमिट, सगळं. "आणि नमस्कार आहे ना, तो पणजीला नाही. म्हणजे पणजीलाही असेल. पण त्याने मूठ आवळली जाते. सुरुवातीला कुणीतरी सांगितलं असणार, की ओतण्याआधी डावीकडे झटके द्या. का ते विसरून गेलो, झटके राहिले."

क्वालियांनी दाणी मागून घेतली. मूठ डावीकडे फिरवून पाहिली, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग चष्मा काढून पुसत राहिले. "ह्या माणसाला मी माझ्या विभागात घेतलं असतं," शेवटी ते म्हणाले.

"तो आला नसता," आन्सेल्मो म्हणाले.

आत्या दाणीच्या गळ्यावरच्या मण्यांवरून बोट फिरवीत होती. "चेलेस्तीनोच्या हातूनही निघाली होती," ती हळूच म्हणाली. "पहिल्याच वर्षी. मला बोलला नाही. आईच्या खोलीत जाऊन रडत बसला होता, मी फटीतून पाहिलं. कशी बसली ते त्यालाही कधी कळलं नाही. त्याला वाटायचं, तसबिरीतल्या आजीनेच बसवली. म्हणून तो दाणी इतकी वाकवायचा." तिने डोळे पुसले. "तू निदान बोललास तरी."

त्यानंतर ती उठली, आणि तीस वर्षांत आत्याने आपल्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं हे आन्सेल्मोंच्या लक्षात यायच्या आत तिने त्यांच्यासमोरचा सोनेरी काठाचा कप उचलला. तो कपाटात ठेवला आणि त्याच्या मागून दुसरा काढून पुढे केला. निळ्या काठाचा, कानाजवळ मोठा टवका उडालेला. चेलेस्तीनोंचा.

"ओत," ती म्हणाली. "तुझाच राहिलाय."

आन्सेल्मोंनी ओतलं आणि प्यायला सुरुवात केली. टवक्यातून चॉकलेटचा एक ओघळ त्यांच्या नव्या शर्टावर उतरला, मग दुसरा. पिएराने रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.